सायकलच्या मागे एक रात्र
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात चिंचवड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून विद्वान वक्ते बोलतात. मी विद्वान नाही; पिंपरीच्या एका कारखान्यातील टूलरूममध्ये छत्तीस वर्षे काम करून निवृत्त झालेला मनुष्य आहे. सायकलशर्यतीवर चार शब्द बोला, असे चिटणीसांनी मला सांगितले तेव्हा मी प्रथम नकार दिला. हा नकार विनयापोटी नव्हता. या विषयात माझ्या हातून एक चूक घडली आहे, व ती सांगितल्यावाचून मला पुढे बोलता येणार नाही, हे त्याचे खरे कारण होते.

येथील वडीलधाऱ्या मंडळींना मुंबई-पुणे सायकलशर्यत आठवत असेल. बोरघाट जो प्रथम चढून येईल त्यास ‘घाटाचा राजा’ ही पदवी मिळे, आणि तो राजा खंडाळ्याहून तळेगाव, देहूरोड, निगडी, आकुर्डी करीत आपल्या चिंचवडवरून पुण्याकडे जाई. वडिलांनी मला खांद्यावर घेऊन स्टेशनजवळच्या रस्त्याकडेला उभे केल्याचे मला स्पष्ट स्मरते. दोन-दोन तास उन्हात उभे राहावे आणि अर्ध्या मिनिटात दहा-वीस सायकली सूं करून निघून जाव्यात, इतकेच ते दर्शन! पण घरी परतताना वडील आपल्या जुन्या सायकलचे पायडल नेहमीपेक्षा जोराने मारीत, हेही स्मरते.

त्या काळी आपल्या भागात सायकल ही शर्यतीची वस्तू नव्हती, पोटापाण्याची होती. पाळी सुटली की कारखान्यांच्या फाटकांतून सायकलींचा लोंढा मुंबई-पुणे रस्त्यावर उतरे. पुढे आकुर्डीस बजाजच्या स्कूटरी बनू लागल्या. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी तेव्हा कोठे एक स्कूटर पदरी पडे. परंतु ज्याच्या दारी ती आली तो ‘वर आला’ असे आपण मानू लागलो. सायकलवरून उतरणे हीच आपल्या एका पिढीची प्रगती होती. हे मी थट्टेने म्हणत नाही. माझ्या वडिलांचे गुडघे त्या सायकलने झिजविले होते.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीचा अर्ज आपल्या साहाय्यक निधीकडे आला, तेव्हा समितीतील आम्हा सर्वांच्या मनात हेच होते. मुलगी चाकणच्या एका सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी करते. पहाटे चार वाजता ती सायकल घेऊन बाहेर पडते, कारण उजाडल्यावर तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनर आणि ट्रेलर यांच्यामधून सायकलस्वाराला वाट मिळत नाही. सुटीच्या दिवशी राजगुरुनगर, वाडा या मार्गाने भीमाशंकरापर्यंत जाऊन ती परत येते. तिच्यापाशी जाड टायरांची एक माउंटन बाईकही आहे. ती घेऊन पावसाळ्यानंतर भामचंद्र डोंगराच्या पायथ्याच्या कच्च्या वाटा तुडविते. पुण्याहून गोव्याला जाणाऱ्या ‘डेक्कन क्लिफहँगर’ या सुमारे साडेसहाशे किलोमीटरांच्या शर्यतीत तिला एकटीने उतरावयाचे होते. सायकलसाठी तिने पैसा मागितला नव्हता. मागून येणाऱ्या गाडीचे भाडे, डिझेल आणि पाच माणसांचा प्रवासखर्च, एवढेच मागणे होते.

अर्ज पाच मिनिटांत निकालात निघाला. एका सद्गृहस्थांनी मुलीच्या जातीने रात्री रस्त्यावर असणे योग्य काय, असा प्रश्न केला. दुसऱ्यांनी, मागून मोटार न्यावयाची तर मोटारीनेच का जाऊ नये, असा विनोद केला. आणि “हा निधी शिक्षणासाठी आहे, हौसेसाठी नाही,” हे शेवटचे वाक्य माझे होते.

ती हौस म्हणजे काय हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. पुढे मी चौकशी केली ती आपणांस थोडक्यात सांगतो. अमेरिका खंड पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सायकलने ओलांडण्याची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नावाची शर्यत १९८२ साली अवघ्या चार स्वारांनी सुरू केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. वाटेत वाळवंट आहे, रॉकी पर्वत आहे. सर्व चढांची बेरीज केली तर ती एव्हरेस्टच्या उंचीच्या सुमारे सहापट भरते. एकट्या स्वाराला मुदत बारा दिवसांची, आणि घड्याळ रात्रीही थांबत नाही. झोप घ्याल तितका वेळ आपलाच जातो. त्या पहिल्या चौघांपैकी मायकेल शर्मर यांची मान पुढील वर्षीच्या शर्यतीत खालीच पडू लागली, मानेचे स्नायू डोके पेलीनात. या विकाराला आज त्यांचेच नाव आहे. आपल्याकडे ‘मान टाकली’ असे म्हणतात ते कोणत्या अर्थी, हे मला आठवले आणि अंगावर काटा आला.

ही शर्यत प्रथम पुरी करणारे भारतीय आपल्या नाशिकचे आहेत. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या सख्ख्या भावांनी २०१५ साली दोघांच्या संघाने ती पार पाडली. एकट्याने ती पुरी करण्याचा मान २०१७ साली सैन्यदलातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांना मिळाला; तेही त्या काळी नाशिकलाच होते. आदल्या वर्षी त्यांना ती अर्धवट सोडावी लागली होती. या खेपेस ११ दिवस १८ तास ४५ मिनिटे लागली. त्यांच्यामागून अडीच तासांच्या आत नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोचले. पुढे २०१८ साली त्यांनी मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंत सैबेरियाही ओलांडला. या शर्यतीस पात्र ठरण्यासाठी ज्या परीक्षा आहेत, त्यांपैकी एक म्हणजे आपली पुणे-गोवा शर्यत. तेव्हा परीक्षेसाठी निधी आहे असे मी म्हणालो होतो, तो अर्जही एका परीक्षेचाच होता.

राहिला मुलीच्या जातीचा प्रश्न. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या मुलीने वयाच्या विसाव्या वर्षी, २०१८ साली, सायकलने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ऑस्ट्रेलियातील पर्थहून निघून, सुमारे २९,००० किलोमीटर कापून ती डिसेंबरात कोलकात्यास आली. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटले गेले, रशियात बर्फात एकटीने रात्री काढल्या. यातील बहुतेक वाट तिने एकटीने कापली. यापेक्षा अधिक मी काय सांगू?

निधी मिळाला नाही तरी पुतणी शर्यतीस उतरली. पाच माणसांच्या ऐवजी आम्ही तिघे मागे होतो: मी, माझा मुलगा आणि तिची कारखान्यातील एक मैत्रीण. मैत्रिणीला मोटार चालविता येत नव्हती. मुलगा आदल्या रात्री रात्रपाळी करून तसाच आला होता. मला वाटले, मागे बसून जावयाचे तर त्यात कष्ट ते कसले?

ते कष्ट आता सांगतो. शर्यत स्वार करतो, परंतु संसार मागची गाडी करते. ठराविक वेळाने बाटली भरून द्यावयाची. पाण्यात मीठ किती, साखर किती हे मोजावयाचे. काय खाल्ले, किती प्याले, लघवीला केव्हा गेली, हे वहीत लिहावयाचे. वळण चुकले तर चूक गाडीची. दिवस मावळल्यावर तर गाडीने स्वाराची पाठ सोडावयाची नाही. गाडीच्या दिव्यांच्या उजेडातच त्याने चालले पाहिजे. गाडी थांबली की स्वार थांबला. मागून येणाऱ्या ट्रकचा आणि तिचा सामना होऊ नये म्हणून मध्ये आपण असावयाचे, असा त्याचा अर्थ आहे.

सकाळपासून मुलाने गाडी चालविली. सातारा मागे पडले, कऱ्हाड मागे पडले. रात्री अकराच्या सुमारास कोल्हापूरजवळ चाक माझ्या हाती आले आणि मुलगा मागच्या बाकावर आडवा झाला. निपाणी ओलांडून तवंदी घाटाला लागलो तेव्हा अडीच वाजले होते. चढावर तिचा वेग ताशी आठ-दहा किलोमीटर. गाडी पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाचा एकसुरी घुरघुराट, आणि समोर तिच्या सायकलचा तांबडा दिवा विझतो आहे, पेटतो आहे, विझतो आहे. शेजारची मुलगी वही मांडीवर ठेवून केव्हा गप्प झाली ते मला कळले नाही. पुढचे काही क्षणही मला ठाऊक नाहीत.

डोळे उघडले तेव्हा तो तांबडा दिवा बॉनेटच्या अगदी पुढे होता, हातभर अंतरावर.

मी ब्रेक दाबला. टायर किंचाळले. ती वळली, सायकल आडवी टाकून खिडकीशी आली आणि माझ्याकडे पाहत राहिली. तिला काही सांगावे लागले नाही. मुलाला उठविले, पण त्यालाही उभे राहवेना, आणि या स्थितीत मी चालविणार नाही असे त्याने स्वतःच सांगितले, ते शहाणपणाचे होते. “काका, तुम्ही दोघेही झोपा,” ती म्हणाली, “मी बसते.” आणि ट्रकांच्या वर्दळीपासून दूर, एका बंद ढाब्याच्या ओट्यावर ती रग पांघरून बसली. तिचे पाय चालत होते, पोट ठीक होते, झोप तिला आलेली नव्हती.

इकडे चिंचवडला माझी पत्नी फोनवर तिचा ठिपका पाहत जागी होती. तिने सव्वातीनला फोन केला. “ठिपका हलत नाही हो, काय झाले?” मी म्हणालो, “जेवायला थांबलो आहोत.” छत्तीस वर्षे मायक्रोमीटर हाती धरलेल्या मनुष्याने सांगितलेले ते माप खोटे होते. पत्नीने पहाटेपर्यंत तो ठिपका पाहिला, हे मला नंतर समजले.

त्या ओट्यावर आमचे तीन तास गेले. गोव्याच्या समुद्रकाठी ती पोहोचली ती ठरलेल्या मुदतीनंतर एक तास वीस मिनिटांनी. वजाबाकी आपण करावी. तिने ती कधीही बोलून दाखविली नाही. वाळूत बसून तिने बूट काढले आणि मला विचारले, “काका, झोप झाली का?”

अमेरिकेत अशीही एक शर्यत आहे, की जीत कोणी कोणाच्या मागे जावयाचे नाही. कॅनडातील बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत सुमारे ४,४०० किलोमीटर माउंटन बाईकवरून, बहुतेक कच्च्या डोंगरी वाटांनी. खाणेपिणे, दुरुस्ती, निजणे सारे ज्याचे त्याने पाहावयाचे, आणि घरच्यांनी नकाशावरचा ठिपका पाहत बसावयाचे. पुतणीचे स्वप्न खरे तेथले आहे. पण ते पुढचे. आज तिला पुन्हा गोव्याला जावयाचे आहे.

निधीचा नियम बदलावा की नाही हे समितीने ठरवावे. मी आता समितीवर नाही, आणि माझ्या त्या वाक्यानंतर नियम बदला म्हणण्याचा अधिकारही मला नाही. गाडीची व्यवस्था तिने नोकरीच्या पैशांतून केली आहे. मला पैसे नकोत, माणसे हवीत. आपल्या ज्ञातीत बसचालक आहेत, टेम्पोचालक आहेत, तिसरी पाळी करून रात्र जागण्याची सवय असलेली पुष्कळ मंडळी आहेत. दोन दिवस रजा काढू शकतील असे तीन चालक हवेत. एक अट आहे: शर्यतीच्या आदल्या रात्री त्यांनी आपापल्या घरी पुरती झोप घेतली पाहिजे, पाळी करून येऊ नये.

दाराशी चिटणिसांच्या टेबलावर वही ठेवली आहे. चालकांच्या रकान्यात पहिले नाव माझे असावयास हवे होते, परंतु मोतीबिंदूमुळे डॉक्टरांनी मला रात्री गाडी चालविण्यास मनाई केली आहे. म्हणून बाटल्या भरणे व वही लिहिणे या रकान्यात मी नाव घातले आहे. त्याखाली पत्नीचेही आहे. या खेपेस ठिपका पाहत घरी बसणार नाही, असे तिने सांगितले आहे.