८ हजारांचं गाव, ४५ हजारांचं मैदान

आजचा भाग आयर्लंडमधल्या एका मैदानाबद्दल आहे. क्रिकेटचं नाही, आपल्या ओळखीच्या फुटबॉलचंही नाही. हे आहे हर्लिंगचं मैदान.

डब्लिनहून कॉर्कला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, टिपरेरी काउंटीत, थर्लस नावाचं गाव लागतं. वस्ती साधारण ८ हजार. नदीचं इंग्रजी स्पेलिंग बघून जीभ अडखळते, पण उच्चार अगदी आपला वाटतो: शूर! आणि या गावात सेंपल स्टेडियम आहे, क्षमता सुमारे ४५ हजार. अख्खं गाव आत नेऊन बसवलं तरी पाचातल्या चार जागा रिकाम्याच राहतील.

इंजिनिअर माणसाला लगेच प्रश्न पडतो, एवढी कपॅसिटी ठेवली कशासाठी?

उत्तर गावाच्या चौकात आहे. लिबर्टी स्क्वेअरमधल्या हेज हॉटेलात १ नोव्हेंबर १८८४ रोजी मोजकीच माणसं जमली. मायकेल क्यूसॅक आणि मॉरिस डेव्हिन हे त्यातले प्रमुख. देशावर ब्रिटिशांचं राज्य होतं, इंग्रजी खेळ पसरत होते आणि आपले जुने खेळ मागे पडत होते. ते टिकवायला त्या दिवशी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, स्थापन झाली. आर्चबिशप क्रोक तिचे आश्रयदाते झाले. थर्लसच्याच कॅथेड्रलमध्ये त्यांची समाधी आहे आणि डब्लिनचं मोठं क्रोक पार्क त्यांच्याच नावाचं.

सेंपल हे नाव मात्र बिशपचं नाही, पुढाऱ्याचंही नाही. टॉम सेंपल हा रेल्वेतला गार्ड. १९०६ आणि १९०८ ला टिपरेरीनं ऑल-आयर्लंड जिंकलं, तेव्हा कप्तान तो होता. अंतिम सामना एरवी डब्लिनला होतो, पण १९८४ ला संघटनेची शंभरी भरली म्हणून हर्लिंगचा तो सामना मुद्दाम थर्लसला खेळवला. कॉर्कनं ऑफलीला हरवलं.

आता खेळ थोडक्यात. एका बाजूला १५ खेळाडू, हातात ॲश लाकडाची काठी, आणि चामड्याचा छोटा चेंडू. चेंडू आडव्या दांडीखालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. दांडीवरून, दोन खांबांमधून गेला तर १ गुण. २०२५ च्या अंतिम सामन्यात टिपरेरीनं कॉर्कला ३-२७ विरुद्ध १-१८ असं हरवलं. हिशोब करा: ३६ विरुद्ध २१! दुसऱ्या दिवशी संघाचं स्वागत कुठं झालं? सेंपल स्टेडियममध्ये.

पण मला थांबवतं ते वेगळंच. त्या संघातल्या कुणालाही खेळायचा पगार नाही. शिक्षक, शेतकरी, विद्यार्थी, नोकरदार असे सगळे. संघांचा लिलाव नाही. तुम्ही आपल्या गावच्या क्लबसाठी खेळता, तिथून काउंटीच्या संघात निवडले जाता. आम्ही आयटीवाले हाईक मिळाली की कंपनी बदलतो. इथं तो पर्याय जवळपास नाहीच.

याची किंमतही आहे. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी सराव. तिकिटं विकली जातात, टीव्हीवर सामने दिसतात, मग खेळणाऱ्याला काय, हा वाद तिथं चालूच असतो. शिवाय खेड्यांतली तरुण पोरं डब्लिनला किंवा थेट ऑस्ट्रेलियाला गेली, की लहान क्लबला १५ जण जमवणं जड जातं. गावाच्या नावावर उभा असलेला खेळ गाव रिकामं झालं तर कुणाच्या जोरावर चालणार?

एक उत्तर झॅक मोरादीचं आहे. कुर्दी घरातला, इराकमध्ये जन्मलेला हा मुलगा २००२ ला आयर्लंडमधल्या लीट्रिम काउंटीत आला, तिथं हर्लिंग शिकला. २०१९ ला लीट्रिमनं लॉरी मेगर कप जिंकला, तेव्हा तो संघात होता. म्हणजे 'आपलं गाव' हे फक्त जन्मानं ठरत नाही.

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी आईबाबांना म्हणून एकच सांगतो. जवळच्या क्लबमध्ये लहान मुलांचा सराव असतो, चौकशी करा. काठीची भीती वाटत असेल, तर २०१० पासून हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं आहे. पोरांना खेळ मिळेल, तुम्हाला गाव मिळेल, आणि क्लबला पंधरावा खेळाडू.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!