कोकणातील लाल विंचू



जेथे भय बाळगावे तेथे न बाळगता भलत्याच ठिकाणी बाळगण्याची जी वहिवाट आपल्यात पडून गेली आहे, तिचा ठळक दाखला विंचवाच्या बाबतीत मिळतो. बिळातून बाहेर आलेली, काळीभोर, दणकट चिमट्यांची इंगळी दिसताच माणसे काठी घेऊन धावतात. परंतु तिच्यापुढे किरकोळ वाटणारा, दोन ते साडेतीन इंच लांबीचा तांबूस विंचू हाच आपल्या मुलखातील विंचवांपैकी खरा प्राणघातक होय. फॅब्रिसियस या डॅनिश पंडिताने १७९८ साली त्याचे प्रथम वर्णन केले. आज शास्त्रज्ञ त्यास हॉटेन्टोटा टॅम्युलस म्हणतात. त्याचे चिमटे बारीक आणि शेपूट जाड असते, आणि ही ठेवणच त्याचा स्वभाव सांगते: ज्याच्या चिमट्यांत भक्ष्य चिरडण्याचे बळ नाही, त्याची सारी भिस्त नांगीतील विषावर असते.

दिवसा तो जांभ्या दगडांच्या गडग्यात, लाकूडफाट्यात, पेंढ्याखाली निपचित असतो. रात्री बाहेर पडून, दृष्टी मंद असल्यामुळे, अंगावरील सूक्ष्म केसांनी हवेचा कंप आणि पोटाखालील फणीसारख्या अवयवांनी भूमीचा गंध जाणून तो झुरळे व रातकिडे पकडतो. माणसाचा पाठलाग तो करीत नाही. पेंढा उचलणारा हात किंवा अंधारात पडलेले अनवाणी पाऊल अंगावर आले, तरच तो नांगी मारतो. पिल्ले मातेस खाऊन टाकतात, हा समज तर त्या मातेवर निव्वळ अन्याय आहे. ती पिल्लांना जिवंत जन्म देते आणि त्यांची पहिली कात पडेपर्यंत त्यांना पाठीवर वागविते.

आता विषाची हकीकत, आणि येथे मी मुद्दाम थांबतो. दंशानंतर ठणका असह्य असला, पण इतर लक्षणे नसली, तर बहुधा प्राणभय नसते. उलट ज्या मुलाला दरदरून घाम सुटला आहे, वांत्या होत आहेत आणि ज्याचे हातपाय गार पडले आहेत, ते फारसे रडत नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात, आणि तेवढ्यात विषाने चेतविलेल्या मज्जातंतूंमुळे रक्तदाब भडकून, हृदय थकून, फुफ्फुसांत पाणी भरू लागते. बिरवाडी-महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असे रुग्ण रात्रंदिवस उशाशी बसून पाहिले, आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या विषबाधेवर योजले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. या उपचाराने ते प्रमाण पुष्कळच खाली आले. पुढे प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यास रोगी अधिक लवकर सावरतो, हेही त्यांनी पद्धतशीर चाचणीने दाखविले. यास्तव मांत्रिकाकडे जाण्यात, दंशावर चिरा देण्यात किंवा दोरी आवळण्यात जो वेळ जातो, तो त्या मुलाच्या आयुष्यातून वजा होतो. हातपाय गार लागताच त्यास दवाखान्यात न्यावे, मग रात्र कितीही झालेली असो.