चक्कर अशक्तपणाची नव्हती

(विरारमध्ये महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज मी बायकांच्या आरोग्यावर बोलावं असं ठरलं होतं. मी मात्र बाथरूममधल्या गॅस गिझरबद्दल बोलणार आहे. हसू नका. माझं बोलणं संपल्यावर विषय बदलला होता की नव्हता, ते तुम्हीच सांगा.

आमचं घर विरार पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. बाथरूम चार फूट बाय पाच फूट, खिडकी डक्टमध्ये उघडणारी. पहाटेची लोकल पकडायची तर पाणी तापण्याची वाट बघायला वेळ कुणाला? विजेचं बिलही वाढत होतं. म्हणून गॅस गिझर घ्यायचं ठरलं. त्याला मीही होकार दिला होता. दुकानाने फिटर पाठवला. मी कामावर होते. त्याने बाथरूमच्या आतल्याच भिंतीवर गिझर टांगला, शेजारी सिलिंडर ठेवला, फिटिंगचे तीनशे रुपये रोख घेतले आणि गेला. पावती नाही. माहितीपत्रक खोक्यासकट माळ्यावर गेलं.

आता एक हिशोब करू. त्या बाथरूममध्ये कोण किती वेळ असतं? नवरा दहा मिनिटं, सासूबाई दहा मिनिटं. मी मुलीला आंघोळ घालते, सगळ्यांच्या शेवटी स्वतः करते, मग गरम पाण्यात कपडे धुते. थंडी म्हणून खिडकी बंद. डक्टपलीकडे शेजाऱ्यांची खिडकी, म्हणूनही बंद. दार तर बंद असणारच. जिथे सगळ्यात जास्त वेळ मी असते, तिथे काय कुठे बसवावं हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पंधरा दिवसांत डोकं दुखायला लागलं. मळमळ व्हायची, पाय लटपटायचे. स्टेशनपर्यंत चालत गेलं की बरं वाटायचं. घरात सगळे म्हणाले, वेळेवर जेवत नाहीस. मी स्वतःशी म्हटलं, रक्त कमी असेल, आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. मी समाजकार्यात एम. ए. केलेली बाई. वस्तीत जाऊन ‘दुखणं अंगावर काढू नका’ म्हणून सांगते. पण स्वतःच्या चक्करेला मीही तेच ठरलेलं नाव दिलं: अशक्तपणा.

एका रविवारी कपडे पिळताना मी खाली पडले. मुलगी सारखी आत-बाहेर करते म्हणून कडी लावली नव्हती. आवाज ऐकून सासूबाई धावल्या. त्यांनी मला ओढत गॅलरीत आणलं आणि सगळी दारं-खिडक्या उघडली. हळूहळू मला भान आलं. डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “गिझर कुठला आहे? आणि कुठे बसवलाय?”

गॅस जळायला हवा लागते. कोंडलेल्या खोलीत ती कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. सिलिंडरचा गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो. या वायूला ना वास, ना रंग. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून बसतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला त्याचा धोका आणखी जास्त. करोनाच्या काळात आपण बोटाला लावायचं यंत्र घेतलं, त्यालाही हा फरक कळत नाही. ते आकडा चांगलाच दाखवतं. रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. मार्च २०२३मध्ये घाटकोपरला धुळवड खेळून आलेलं एक जोडपं बाथरूममध्ये मृत सापडलं, तेव्हाही गिझरच्या वायूचाच संशय होता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात फोन केला. उत्तर आलं, “ताई, साहेबांना फोन द्या.” मी म्हटलं, चक्कर मला आली, साहेबांना नाही. मग म्हणाले, “बाथरूममध्ये इतका वेळ लावू नका.” म्हणजे दोष पुन्हा माझाच! माळ्यावरून खोका काढला. माहितीपत्रकात इंग्रजीत स्पष्ट छापलं होतं की गिझर बाथरूमच्या आत बसवू नये. तो कागद, फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिलाची प्रत जोडून लेखी तक्रार दिली. पंधरा दिवसांची मुदत दिली आणि पोच घेतली. तेराव्या दिवशी गिझर बाहेर गॅलरीत लागला. फिटिंगचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

बिल नवऱ्याच्या नावावर होतं. “मग तुम्ही कशा तक्रार करता?” असंही दुकानदाराने विचारलं होतं. हे नीट ऐका. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून लागू आहे. त्यात विकत घेणाराच ग्राहक नसतो. त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहक असते. आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

त्यानंतर मी आमच्या इमारतीत दारोदार गेले. आणखी चार घरांत गिझर तसाच, आत बसवलेला. त्यातल्या तिघीजणींना चक्कर येत होती. एकीने तर घरच्यांच्या सांगण्यावरून उपासतापास सुरू केले होते. चौघींनी मिळून सोसायटीच्या कमिटीला पत्र दिलं. कमिटी म्हणाली, हा ज्याच्या त्याच्या घरातला प्रश्न. ‘घरातला प्रश्न’ हे उत्तर आपल्या ओळखीचं आहे, नाही का? मारहाणीच्या तक्रारीलाही हेच मिळतं. तीन घरांतले गिझर बाहेर आले. चौथ्या घरात अजून आतच आहे. त्या घरी मी अजून जाते.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. गॅस गिझर आत असेल तर आजपासून बंद ठेवा आणि बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या. नुसत्या एक्झॉस्ट पंख्यावर विसंबू नका. फिटिंगचीही पावती मागा आणि माहितीपत्रक मराठीत समजावून घ्या. कुणी आत पडलेली दिसली तर दार-खिडक्या उघडा, तिला ताबडतोब बाहेर काढा, १०८ला फोन करा आणि डॉक्टरांना ‘घरात गॅस गिझर आहे’ हे आधी सांगा.

आणि गटातली एखादी बाई चक्कर येते म्हणाली, तर गोळ्या देण्याआधी विचारा, कुठे असताना येते? मला हा प्रश्न विचारायला पंधरा दिवस कुणी नव्हतं. मीसुद्धा नव्हते.