घर बदलते, नोंद बदलत नाही



कामगाराचे बिऱ्हाड हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हे बिऱ्हाड चीनमधल्या शेन्झेन शहरातले आहे. हाँगकाँगच्या सीमेला लागून असलेल्या या भागाला १९८० साली विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला. तेव्हा तेथे मुख्यतः शेतकरी व मच्छीमार राहत. २०२० च्या जनगणनेत त्याच शहराची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या वर गेली. बहुतेक माणसे बाहेरगावची. त्यांतला फिटर, साचे घडविणारा, यंत्र जुळविणारा असा हाती कसब असलेला कामगार घर का बदलतो, ते आपण पाहू.

त्याचा पहिला मुक्काम कारखान्याच्या वसतिगृहात असतो. एका खोलीत अनेक जण, एकावर एक खाटा. भाडे थोडे आणि काम जवळ, ही सोय खरी. पण नोकरी सुटली की छप्परही सुटते, आणि तेथे संसार मांडणे कठीण.

कसब वाढते, पगार वाढतो, लग्न होते. मग तो 'शहरातल्या गावात' खोली घेतो. हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. शहर वाढताना शेतजमिनी सरकारने घेतल्या. गावकऱ्यांची घरे मात्र त्यांच्याकडेच राहिली. त्या जागांवर त्यांनी अनेक मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या. इमारती इतक्या खेटून की समोरासमोरच्या खिडक्यांतून हस्तांदोलन करता यावे. म्हणून लोक त्यांना 'हस्तांदोलन इमारती' म्हणतात. ऊन नाही, वारा नाही. पण स्वतःची चूल आहे आणि दाराला स्वतःचे कुलूप आहे.

पुढचा मुक्काम चांगल्या सदनिकेत असावा, ही त्याची इच्छा. परंतु शहरातले भाव पाहून अनेक कुटुंबे शेजारच्या डोंगग्वान किंवा ह्वेझोऊ शहरात घर शोधतात आणि कामासाठी रोज लांबचा प्रवास करतात.

तुम्ही म्हणाल, पगाराप्रमाणे घर, यात नवल ते काय? नवल पुढेच आहे. चीनमध्ये १९५८ च्या नियमांपासून प्रत्येक कुटुंबाची एका ठिकाणी नोंद असते. तिला 'हुकोऊ' म्हणतात. माणूस शहरात आला, तरी नोंद आपोआप त्याच्यामागे येत नाही. नोंदीच्या ठिकाणापासून दूर राहणारी अशी माणसे २०२० च्या जनगणनेत ३७ कोटींहून अधिक भरली. सरकारी शाळेतील प्रवेश व इतर सवलती बऱ्याच अंशी या नोंदीशी बांधलेल्या आहेत.

वाट अगदीच बंद आहे असे नाही. ग्वांगडोंग प्रांतात २०१० पासून गुणांची पद्धत आली. शिक्षण, कौशल्याचा दाखला, सामाजिक विम्याचे हप्ते यांचे गुण मिळतात. ते पुरेसे झाले तर शहराची नोंद मिळू शकते. म्हणजे कसबी कामगाराला दार किलकिले होते, बिनकसबी माणसाला फारसे नाही. शेन्झेनमध्ये शाळाप्रवेशासाठीही गुण धरतात. तेथे स्वतःचे घर असलेल्याचे पारडे भाडेकरूपेक्षा जड असते, आणि भाडेकरूला रीतसर नोंदविलेला भाडेकरार दाखवावा लागतो. आई-बाप घर पाहतात तेव्हा भिंतींपेक्षा जास्त बारकाईने हा कागद पाहतात. ज्यांना हे जमत नाही, त्यांची मुले खाजगी शाळेत जातात किंवा गावी आजी-आजोबांकडे राहतात.

२०१९ साली काय झाले ते ऐका. नानशान भागातील बायशिझोऊ हे मोठे 'शहरी गाव'. तेथे सुमारे दीड लाख माणसे राहत होती. पुनर्विकासासाठी भाडेकरूंना खोल्या रिकाम्या करण्यास सांगण्यात आले. मोबदल्याची बोलणी घरमालकांशी झाली. भाडेकरू त्या बोलण्यांत नव्हता. पालकांना खोलीहून मोठी चिंता शाळेची लागली. जवळपास दुसरी परवडणारी खोली नाही. दूर गेले तर मुलाची शाळा तुटते.

बंधुभगिनींनो, वारंवार घर बदलणाऱ्याला आपण सहज अस्थिर म्हणतो. या कामगाराकडे पाहा. तो प्रत्येक वेळी हिशेब करून हलतो: आधी कामासाठी, मग संसारासाठी, शेवटी मुलाच्या दप्तरासाठी. त्याच्या हातांनी शहर उभे राहिले. त्या शहराने त्याला खोली दिली, हे पुरेसे नाही. बिऱ्हाड हलले तरी मुलाचा वर्गातला बाक हलू नये, एवढी हमी जेव्हा मिळेल, तेव्हाच त्याला घर मिळाले असे म्हणता येईल.