लिंबोणीवरच्या अळ्या



धामणगाव बढे इथून आम्ही घरची माणसं बंगळूरला गेलो होतो. तिथं बन्नेरघट्ट्याला २००६ साली फुलपाखरांचं उद्यान झालं. भला मोठा घुमट. आत दमट ऊब, पाण्याची धार, आणि अंगाखांद्यावरून उडणारी पाखरं!

एका लिंबोणीवर अळ्या दिसल्या. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून पक्षी फसतात. पुढं त्यांचीच काळी-पिवळी फुलपाखरं होतात. आमची मुलगी ओरडली, "आजी, ह्या तर आपल्याच!"

आजी गप्प. दरसाल आम्ही त्या चिरडत आलो. न चिरडाव्या तर रोप भुंडं होतं, हेही खरंच.

परसात दोन लिंबोण्या आहेत. मोठ्या झाडावरच्या अळ्या आता राहू देतो. रोपावरच्या आजी उचलून मोठ्या झाडावर ठेवते, पुटपुटत.