बिटकॉइनची गंगाजळी आणि पेढीची पत

(सुवर्णमहोत्सवी समारोहातील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर बिटकॉइनसारखा विषय कशासाठी, असा प्रश्न काही ज्येष्ठांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील व्यापारी घरांत हा विषय आता जेवणाच्या पानापर्यंत येऊन पोहोचला आहे. शिकून आलेला मुलगा पेढीवर बसतो आणि विचारतो, "चालू खात्यातील शिल्लकेला व्याज नाही, मुदत ठेवीचे व्याज महागाई खाऊन टाकते. मग शिल्लक बिटकॉइनमध्ये का ठेवू नये?" वडील एका शब्दात उत्तर देतात, "जुगार!" आणि बोलणे तेथेच खुंटते. मुलाचा प्रश्न खोटा नाही आणि वडिलांची भीतीही निराधार नाही. म्हणून दोन्ही बाजू जमाखर्चाच्या शिस्तीने मांडून पाहणे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

कल्पनेचा उगम

प्रत्येक पेढीजवळ अडीअडचणीसाठी राखलेली रक्कम असते. तिला आपण गंगाजळी म्हणतो. ही गंगाजळी रुपयात किंवा डॉलरमध्ये न ठेवता बिटकॉइनमध्ये ठेवण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेतील मायक्रोस्ट्रॅटेजी या संगणक-प्रणालीच्या कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये केला. प्रथम २५ कोटी डॉलर खर्चून २१,४५४ बिटकॉइन घेतले गेले. पुढे हेच त्या कंपनीचे मुख्य काम बनले आणि २०२५ साली तिने आपले नावही 'स्ट्रॅटेजी' असे केले. एप्रिल २०२४ मध्ये जपानच्या मेटाप्लॅनेटने हीच वाट धरली. ब्राझीलमधील मेलियुझ या कंपनीने मार्च २०२५ मध्ये पहिली खरेदी केली आणि मे महिन्यात भागधारकांचे मत घेऊन मगच धोरण पक्के केले.

या कल्पनेमागील तर्क सोपा आहे. बिटकॉइनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाही, असा नियम त्याच्या रचनेतच आहे. नोटा मात्र सरकारे हवे तेव्हा छापू शकतात. तेव्हा जे वाढत नाही ते साठवावे, असे हे म्हणणे आहे.

आपल्याकडील उदाहरण मुंबईचे आहे. १९४७ साली स्थापन झालेली आणि पुढे संगणक-हार्डवेअर व नेटवर्किंगच्या प्रशिक्षणामुळे घरोघरी माहीत झालेली जेटकिंग इन्फोट्रेन ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. डिसेंबर २०२४ मध्ये तिने बिटकॉइनला गंगाजळीचे स्थान दिले. मे २०२५ मध्ये सुमारे ६ कोटी रुपयांचे भांडवल उभारून तिने साठा वाढवला आणि तो २१ बिटकॉइनच्या आसपास पोहोचला. भारतात अशी वाट धरणारी ही पहिली सूचिबद्ध कंपनी म्हणून ओळखली गेली.

चक्र कसे फिरते

या व्यवसायाचे यंत्र नीट समजून घेतले पाहिजे. समजा, एका कंपनीजवळ १०० रुपयांचे बिटकॉइन आहेत आणि बाजार तिच्या सर्व समभागांची किंमत १५० रुपये करतो. कंपनी या चढ्या भावाने नवे समभाग विकते, आलेल्या पैशातून आणखी बिटकॉइन घेते आणि जुन्या भागधारकाच्या वाट्यालाही पूर्वीपेक्षा अधिक बिटकॉइन येतात. हे चक्र फिरत राहते ते केवळ त्या जादा ५० रुपयांच्या बळावर. तोच भाव १०० वरून ८० वर आला, तर नवे समभाग विकणे म्हणजे जुन्या भागधारकाचे नुकसान करणे ठरते आणि चक्र थांबते. २०२५ च्या उत्तरार्धात जगातील अशा अनेक कंपन्यांचे बाजारमूल्य त्यांच्याजवळील बिटकॉइनच्या किमतीखाली गेले होते.

याचा अर्थ असा की, या धंद्याचा कच्चा माल बिटकॉइन नसून भांडवल आहे. तेही असे भांडवल, जे परत मागायला कोणी ठरावीक तारखेला दारात उभे राहत नाही.

आपल्या भूमीतील अडसर

विकसनशील देशात हा धंदा उभा करताना नेमके येथेच पाऊल अडते. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. मार्च २०२१ मध्ये कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बदल होऊन आभासी चलनाचा साठा आणि त्यावरील नफा-तोटा ताळेबंदात दाखवणे बंधनकारक झाले. मार्च २०२३ मध्ये या सेवा देणाऱ्या संस्था काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. मात्र या व्यवसायाचे संपूर्ण नियमन करणारा स्वतंत्र कायदा २०२५ अखेरपर्यंत झाला नव्हता. म्हणजे माल ठेवायला बंदी नाही, पण परवान्याचा फलकही नाही, अशी ही अवस्था.

या अवस्थेची किंमत जेटकिंगला मोजावी लागली. नव्याने वाटलेल्या समभागांच्या नोंदणीला मुंबई शेअर बाजाराने २०२५ साली नकार दिला. उभारलेल्या रकमेचा मोठा भाग आभासी मालमत्तेत जाणार, ही बाब त्या नकाराच्या मुळाशी होती. कंपनीने अपिलाचा इरादा जाहीर केला. योग्य-अयोग्य ठरवणे न्यायाधिकरणाचे काम आहे. व्यापाऱ्याने त्यातून घ्यावयाचा बोध इतकाच की, ज्या चक्राचा प्राण नवे समभाग हा आहे, त्याचा श्वास येथे एका परवानगीवर अवलंबून असतो.

दुसरा अडसर कराचा. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर अधिभार आणि उपकर. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का उद्गम करकपात. खरेदीच्या किमतीखेरीज कोणताही खर्च वजा मिळत नाही. एका व्यवहारात १० लाख नफा आणि दुसऱ्यात १० लाख तोटा झाला, तर हातात शून्य आणि कर ३ लाख! शिवाय कर्ज काढून खरेदी केली, तर त्या कर्जाचे व्याज नफ्यातून वजा होत नाही. अमेरिकेतील कंपनीने रोख्यांच्या आधारे जो डोलारा उभा केला, तो जसाच्या तसा येथे का उभा राहत नाही, याचे मोठे कारण या एका नियमात आहे.

पेढीचा हिशेब

आता जपानी बाजारातील एखाद्या कापड दुकानाचा किंवा अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्याचा विचार करू. समजा, त्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये, बिटकॉइन ६९,००० डॉलरजवळ असताना, ६० लाख रुपये त्यात ठेवले. वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, भाव १६,००० डॉलरखाली आला. त्या ६० लाखांचे सुमारे १५ लाख राहिले. रुपयाचे चार आणे. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये भावाने १ लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, हेही तितकेच खरे. म्हणजे ज्याला तीन वर्षे थांबता आले तो तरला, आणि ज्याला मधल्या दिवाळीपूर्वी देणी चुकती करायची होती तो बुडाला. दोघांनी घेतलेली वस्तू एकच होती, फरक त्यांच्या पैशाच्या मुदतीत होता.

आपल्या व्यापारातील बहुतेक पैशाला तारीख चिकटलेली असते. सणाचा माल भरायचा असतो, कारागिरांची मजुरी असते, बँकेच्या कॅश क्रेडिटचे व्याज असते. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे करारानुसार फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत दिले नाही, तर त्या वर्षी तो खर्च करासाठी मान्य होत नाही, हा ४३ बी (एच) चा नियम आला तेव्हा कापड बाजारात किती धावपळ उडाली, हे येथे उपस्थित असलेल्यांना सांगायला नको. असा तारखेचा पैसा गंगाजळी नव्हेच, ते खेळते भांडवल आहे. त्याला बिटकॉइनमध्ये गुंतवणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशावर आपला अंदाज लावणे होय.

कॅम्पची आठवण

तरुणांच्या बाजूचा एक मुद्दा मात्र या भूमीत विशेष आदराने ऐकला पाहिजे. उल्हासनगर ही मुळात युद्धकाळातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे या बराकींत उतरली आणि १९४९ साली या वसाहतीला आजचे नाव मिळाले. त्या कुटुंबांची घरे, दुकाने, जमिनी सीमेपलीकडे राहिल्या. नुकसानभरपाईचा कायदा १९५४ साली झाला. जी संपत्ती केवळ काही शब्दांच्या रूपाने स्मरणात ठेवून सीमा ओलांडता येते तिचे मोल काय, हे या गावाला कोणी वेगळे समजावण्याची आवश्यकता नाही.

पण त्याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. रिकाम्या हाताने आलेल्या त्या माणसांनी बाजारपेठ उभी केली ती कष्टावर आणि पतीवर. उधारीने घेतलेल्या मालाचे पैसे बोललेल्या दिवशी पोहोचते झाले म्हणून पुढचा माल मिळाला. ती पतही सीमा ओलांडून येणारी संपत्तीच होती. गंगाजळी कशातही असो, तिने ही पत राखली पाहिजे.

किल्ली कोणाजवळ?

बिटकॉइनमध्ये मालकी म्हणजे एक गुप्त किल्ली. ती हरवली तर दुसरी प्रत देणारी बँक नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनीचे पाणी घरादारांत, दुकानांत शिरले; २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. अशा पुरात पासबुक भिजले तर नवे मिळते, सोने धुऊन पुन्हा वापरता येते. किल्लीचा एकमेव कागद भिजला तर सारे गेले. म्हणून जाणकार तीन किल्ल्या तीन ठिकाणी ठेवतात आणि त्यांपैकी दोन एकत्र आल्याशिवाय व्यवहार होणार नाही, अशी योजना करतात. दोन विश्वस्तांच्या सह्यांशिवाय धनादेश वटत नाही, तसेच हे.

खाती वेगळी ठेवण्याचे महत्त्वही अलीकडे दिसून आले. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या बाजारमंचावरून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीस गेली. ती ग्राहकांची होती, आणि तेथील व्यवहार पुन्हा सुरू होण्यास सुमारे १५ महिने लागले. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्सवर सुमारे ४.४ कोटी डॉलरचा घाला पडला, पण फटका कंपनीच्या स्वतःच्या खात्याला बसला आणि तोटा कंपनीने आपल्या गंगाजळीतून सोसला. ज्या समाजात देवद्रव्य आणि साधारण खाते एकमेकांत मिसळू न देण्याचा दंडक पिढ्यान् पिढ्या पाळला जातो, त्याला यातील मर्म लगेच उमजेल.

मर्यादा आणि मार्ग

सार्वजनिक न्यासांपुरते बोलायचे, तर प्रश्नच उद्भवत नाही. धर्मादाय न्यासाने पैसा कोठे गुंतवावा याची यादी प्राप्तिकर कायद्याने ठरवून दिलेली आहे आणि महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याचेही बंधन आहे. त्या यादीत बिटकॉइन नाही. दात्याने दिलेल्या रुपयावर विश्वस्ताला धाडस करण्याचा अधिकार नाही.

खासगी पेढीने मात्र विचार करावा, आणि तो पाच पायऱ्यांनी करावा. पहिली, वर्षभराची देणी बाजूला काढून जे उरेल त्याचाच विचार व्हावा, आणि त्यातूनही तेवढाच भाग घ्यावा, जो पूर्ण गेला तरी एकही देणेकरी थांबणार नाही. दुसरी, त्यासाठी कर्ज काढू नये. तिसरी, भागीदारांचा किंवा संचालकांचा लेखी ठराव करावा आणि साठा ताळेबंदात स्पष्ट दाखवावा. चौथी, किल्ल्यांची व्यवस्था एका माणसावर ठेवू नये, कारण माणूस आजारी पडतो आणि माणूस जातोही. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, नातलग, शेजारी वा भिशीतील सभासद यांचा पैसा निश्चित परताव्याचे वचन देऊन कधीही घेऊ नये. दरमहा १० टक्के, १८ महिने, असे आश्वासन देणाऱ्या गेनबिटकॉइन योजनेने महाराष्ट्रासह देशभरातील कुटुंबांची पुंजी गिळली. पुणे पोलिसांनी २०१८ साली तिच्या सूत्रधाराला अटक केली, पण गेलेले पैसे अटकेने परत येत नाहीत.

वडीलधाऱ्यांना विनंती, की 'जुगार' या शब्दाने दार बंद न करता मुलाकडून या पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत. तरुणांना विनंती, की भावाचा आलेख दाखवण्यापूर्वी पेढीच्या देण्यांची तारीखवार यादी वडिलांसमोर ठेवावी. उत्तरे समाधानकारक असतील तर थोड्या रकमेने आरंभ करण्यास हरकत नाही. नसतील तर तरुणानेच आपणहोऊन थांबावे. गंगाजळीच्या धंद्यात नाणे कोणतेही असले तरी मूळ काम विश्वस्ताचेच राहते. वही उघडून दोघे शेजारी बसले, तर निर्णय काहीही होवो, पेढीचे भलेच होईल.