ढोबळीला तिखटपणा आला कुठून?

आपला जालना जिल्हा तिखट खाणारा. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार लांबच्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक आहे. अशा मुलखात बिनतिखट मिरचीवर बोलायचं म्हणजे तुम्ही हसणारच. पण याच मिरचीवरून गेल्या वर्षी आमच्या बचत गटात अबोला झाला होता.

गटातल्या एका काकूंनी परसातल्या ढोबळीचं बी धरलं. संकरित नव्हे, साधी ढोबळी. कुणाच्या घरी पित्ताचा त्रास असलेली सासू, कुणाकडे लहान लेकरं, म्हणून त्यांनी चिमूटचिमूट बी सगळ्यांना वाटलं. फळं आली तर काही झाडांची गोड, काहींची निमुळती आणि झणझणीत! एकीच्या लेकराचं तोंड पोळलं. काकूंनी लवंगीचं बी मिसळून दिलं, असं आम्ही त्यांच्या तोंडावर बोललो. पुढच्या दोन बैठकांना त्या आल्याच नाहीत.

खरं तर आमच्यातल्या कितीतरी जणी शेडनेटमध्ये मिरचीच्या क्रॉसिंगला जातात. कळी उमलायच्या आत चिमट्यानं केसर काढायचे, दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. दिवसभर आपण हातानं करतो तेच काकूंच्या परसात मधमाशीनं केलं होतं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. मिरचीचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागानं फळतं, पण माशी शेजारचाही आणते. आणि काकूंची लवंगी ढोबळीपासून हातभरावर.

मग त्या वर्षी काकूंची ढोबळी तिखट का लागली नाही? तिखटपणा बियांत तयार होत नाही, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटतात त्यात होतो. तो गाभा आईच्या झाडाचा. बदल बियांच्या पोटात गेला आणि पुढच्या झाडांवर दिसला. बिनतिखटपणा हा दबून राहणारा गुण. एका बाजूनं तिखट आलं की झाड तिखटच होतं.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या मायकेल मझुरेक यांनी हबानेरो जातीची 'हबानाडा' नावाची बिनतिखट मिरची तयार केली. ही आपल्या ईशान्येकडच्या भूत झोलकियाच्या कुळातली. वास फळासारखा, पण जिभेला चटका नाही. तिचंही बी घरी धरता येतं, पण जवळ तिखट मिरची असली तर हीच गत.

काकूंच्या घरी जाऊन आम्ही माफी मागितली. यंदा त्यांनीच दाखवलं: एका फांदीवरची उमललेली फुलं आणि धरलेली फळं काढून टाकायची, नुसत्या कळ्या ठेवायच्या. फांदीवर जुन्या मलमलची पिशवी बांधायची, रोज हलकेच हलवायची. फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधायचा. दोऱ्याचं फळ भाजीत घालायचं नाही, झाडावरच लाल होऊ द्यायचं. बी सावलीत वाळवायचं.

आणि ज्यांच्याकडे ती तिखट निघालेली झाडं अजून उभी आहेत, त्यांनी खुशाल ठेचा करावा. बी मात्र धरू नका.